आजचा श्लोक: दोष नेमका कुठे पाहायचा?



आजचं चिंतन गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या आठव्या श्लोकावर आहे. (काही प्रतींमध्ये या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक प्रश्न जास्तीचा असतो, तिथे हाच श्लोक नववा येईल. आकडा जुळला नाही तर गोंधळू नका.) भगवंत इथे ज्ञानाची लक्षणं एकेक करून सांगतायत. या श्लोकात विषयांबद्दल वैराग्य येतं, अहंकार नसणं येतं, आणि मग येतं ते लक्षण, ज्यावरून आपण बहुतेक जण पटकन पुढे जातो: जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि आजार यांतलं दुःख आणि दोष पाहत राहणं.

'पाहत राहणं' यासाठी मूळ शब्द आहे अनुदर्शन. दर्शन म्हणजे पाहणं. 'अनु' लागला की ते एकदाचं पाहणं उरत नाही. पाठोपाठ, पुन्हा पुन्हा, मागे लागून पाहणं होतं. हा श्लोक वाचून अनेकांना वाटतं की आयुष्य कसं दुःखाचं आहे यावर उसासे टाकायला सांगितलंय. मला तसं वाटत नाही. उसासे टाकायला ज्ञान कशाला लागतं? ते फुकट जमतं.

अध्यायाची सुरुवात आठवा. तिथे शरीराला क्षेत्र म्हटलंय. क्षेत्र म्हणजे शेत. मी मूळचा मालेगावचा, त्यामुळे हा शब्द वाचला की मला आमचा कसमादे पट्टाच दिसतो. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. इथल्या डाळिंबाच्या बागांवर तेल्या आला की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पानावर आधी तेलाच्या थेंबासारखा एक बारीकसा डाग पडतो. जो शेतकरी रोज बागेत फिरतो, पान उलटं करून बघतो, त्याला तो वेळेत दिसतो. आणि हा शेतकरी डाग बघून झाडाला विचारत नाही की बाबा, तू मागच्या जन्मी काय पाप केलंस? तो फांदी छाटतो, औषध मारतो, आठ दिवसांनी परत येऊन बघतो. माझ्या मते अनुदर्शन हे असं असतं.

हा श्लोक मला ज्या आजारामुळे नीट कळला, त्याबद्दल आज थोडं सविस्तर लिहितो. माझ्या एका मावशीला तो झालाय. मावशी मालेगावातच राहते. तिच्या परवानगीनेच लिहितोय, फक्त नाव नको म्हणाली.

सुरुवात सर्दीने झाली. नाक चोंदलेलं, कधी रक्ताचा थेंब, आत खपल्या. घराच्या दोन्ही बाजूंना लूम, दिवसभर खडखडाट आणि हवेत कापसाचे बारीक तंतू. त्यामुळे सगळ्यांचं एकमत झालं की हे त्याचंच. सायनसच्या गोळ्या झाल्या, वाफारे झाले. काही महिन्यांनी एका सकाळी डाव्या डोळ्याभोवती आणि गालावर सूज आली. ती उतरायची, परत यायची. मग हळूहळू डोळाच पुढे आल्यासारखा दिसायला लागला, आणि एकाच्या जागी दोन वस्तू दिसायला लागल्या.

या आजाराचं नाव ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. लांबलचक आहे, डॉक्टर नुसतं जीपीए म्हणतात. रक्तवाहिन्यांना सूज येण्याचे जे आजार असतात, ज्यांना व्हॅस्क्युलायटिस म्हणतात, त्यातला हा एक. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात हे शाळेत शिकलोय. या आजारात शरीर अशा अँटिबॉडी बनवतं ज्या आपल्याच काही पांढऱ्या पेशींना चिकटतात. मग त्या पेशी भडकतात आणि लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरच तुटून पडतात. आयटीवाल्यांना सांगायचं तर फायरवॉलने स्वतःच्याच सर्व्हरला हल्लेखोर ठरवलंय. भिंत सुजते, रक्ताची वाट अरुंद होते, पुढचा भाग उपाशी पडतो. शिवाय नाकात, सायनसमध्ये, फुफ्फुसात दाहाच्या गाठी तयार होतात.

डोळ्याचा संबंध कुठे येतो? डोळ्याची खोबण हाडाची असते, शंकूसारखी, फक्त पुढून उघडी. नाकाच्या बाजूची तिची भिंत इतकी पातळ असते की शरीरशास्त्रात तिचं लॅटिन नावच 'कागदी पापुद्रा' अशा अर्थाचं आहे. सायनसमधला दाह त्या कागदाला ओलांडून खोबणीत शिरू शकतो, किंवा खोबणीतच गाठ तयार होऊ शकते. आत जागा नाही, मग डोळा पुढे ढकलला जातो, स्नायू अडकतात, आणि मागची दृष्टीची नस दाबली गेली तर नजर कायमची जाऊ शकते. म्हणून इथे वेळ फार महत्त्वाचा असतो.

आता अनुदर्शनाचा खरा कस लागतो तो पुढे. चेहरा आणि डोळा सुजलाय, नाक खराब आहे, असं दिसल्यावर २०२१ नंतर महाराष्ट्रात कुणाच्याही तोंडून पहिला शब्द काय निघतो? काळी बुरशी. म्युकरमायकोसिस. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आपण ते इतकं पाहिलं की मे २०२१ मध्ये केंद्राला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं, हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवा. त्यातही नाक, सायनस, मग डोळ्याची खोबण अशीच वाट असते. तीही रक्तवाहिन्यांतच शिरते. बाहेरून पाहिलं तर दोन्ही चेहरे जवळपास सारखे. पण उपचार? म्युकरमध्ये बुरशी मारणारं औषध आणि ऑपरेशन, आणि स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. जीपीएमध्ये मात्र स्टेरॉइडच आधी लागतं. एकात जे वाचवतं ते दुसऱ्यात मारू शकतं. त्यात आपल्या देशात तिसरा गोंधळ म्हणजे टीबी. टीबीतही गाठी, यातही गाठी, फुफ्फुसाच्या फोटोत दोन्हीकडे डाग. आपल्याकडे जीपीएचे किती तरी रुग्ण आधी टीबीच्या गोळ्या खाऊन मग योग्य जागी पोचतात.

मग फरक कळतो कसा? परत परत पाहून. नाकातला तुकडा काढून तपासतात, पण तो इवलासा असतो आणि अनेकदा ठाम काही सांगतच नाही. मावशीच्या पहिल्या तुकड्याचा रिपोर्ट असाच आला, 'दाह आहे' एवढंच. डॉक्टरांनी तिथे थांबायचं नाकारलं. दुसरा तुकडा घेतला, बुरशी आणि टीबीसाठी वेगळा तपासायला लावला, स्कॅन केला, आणि रक्त आंका या तपासणीसाठी मुंबईला पाठवलं. ज्या अँटिबॉडीबद्दल वर लिहिलं त्याच त्यात शोधतात. त्यांचा या आजाराशी संबंध १९८५ मध्ये डच आणि डॅनिश संशोधकांनी दाखवला. म्हणजे ही तपासणी माझ्याच वयाच्या आसपासची आहे! आणि शेवटी एक अगदी साधी, स्वस्त तपासणी केली: लघवी. कारण हा आजार मूत्रपिंडात शिरतो तेव्हा तिथे काही दुखत नाही. चेहऱ्यावरची सूज जगाला दिसते, मूत्रपिंडातला दाह कुणालाच दिसत नाही. लघवीत रक्त किंवा प्रोटीन जातंय का, हे पाहिल्याशिवाय कळतच नाही.

मला इथे त्या श्लोकाचा अर्थ लागला. दुखतंय तिथे सगळेच पाहतात. जिथे दुखत नाही तिथेही पाहायला जाणं, आणि एक उत्तर मिळालं तरी ते खरंच उत्तर आहे का हे परत तपासणं, याला भगवंत ज्ञान म्हणतायत. अज्ञानाला पहिलं उत्तर पुरतं.

आणि पहिली उत्तरं आपल्याकडे भरपूर असतात. मावशीच्या गल्लीत, नातेवाइकांत, अगदी हरिपाठाच्या मंडळातसुद्धा. दृष्ट लागली. कुलदेवीचं काहीतरी राहिलं असेल. अमक्याशी वाईट वागली होती ना, तेच भोवलं. एक बाई तर तोंडावर म्हणाल्या, "चेहऱ्यावर आलंय म्हणजे काहीतरी लपवलेलं वर आलं." मावशीने त्या दिवसापासून मंडळात जाणं बंद केलं. देवळात जायची तेव्हा पदर ओढून, दुपारी, गर्दी नसताना. मला आजारापेक्षाही हे जास्त लागलं. विठ्ठलासमोर उभं राहायला या बाईला लाज वाटावी, आणि ती लाज भक्तांनी दिलेली असावी!

म्हणून श्लोकाकडे परत जाऊ आणि शब्द नीट वाचू. दोष कशात पाहायला सांगितलाय? जन्मात, मृत्यूत, म्हातारपणात, व्याधीत. व्याधी झालेल्या माणसात दोष पाहा, असं तिथे कुठेही नाही. आणि व्याधी कुणाच्या रांगेत बसवलीय तेही बघा. आपण कधी विचारतो का, की आजोबांचे केस पिकले ते कुठल्या पापाने? बाळ जन्मलं ते कुणाच्या वाईट वागण्याने? जन्म, जरा, मृत्यू हे देह असण्याचे गुणधर्म आहेत असं आपण गुपचूप मानतो, आणि त्याच ओळीतल्या चौथ्या शब्दापाशी आलो की एकदम न्यायाधीश होतो. व्याकरणसुद्धा याला परवानगी देत नाही.

कुणी म्हणेल, मग कर्मसिद्धांताचं काय? मी तो नाकारत नाही. पण कर्माची वाट कळायला अवघड आहे हे चौथ्या अध्यायात खुद्द भगवंतांनी सांगितलंय. ज्याची खोली स्वतः सांगणाऱ्याने अथांग म्हटली, त्याचा हिशोब शेजारच्या काकूंनी सुजलेला डोळा बघून दोन मिनिटांत मांडावा? कर्माचा विचार स्वतःच्या वागण्यासाठी असतो. दुसऱ्याच्या एक्स-रेवर लावायला तो दिलेला नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी याच अध्यायात अहिंसेवर किती ओव्या खर्च केल्यात ते एकदा चाळून पाहा. आपल्या चालण्याने, बोलण्याने, नुसत्या पाहण्यानेही कुणाला इजा होऊ नये, इथपर्यंत ते जातात. तेव्हा एखाद्या सुजलेल्या चेहऱ्याकडे आपली नजर कशी पडते, हाही साधनेचाच भाग आहे.

या आजाराच्या नावाची एक गोष्ट सांगतो, थोडं विषयांतर आहे पण याच अध्यायात बसतं. पूर्वी याला वेगेनर्स ग्रॅन्युलोमॅटोसिस म्हणायचे. फ्रेडरिक वेगेनर या जर्मन डॉक्टराने १९३६ आणि १९३९ मध्ये याचं वर्णन केलं होतं, जरी १९३१ मध्ये हाइन्झ क्लिंगर यांनी असाच रुग्ण आधी नोंदवला होता. वेगेनर नाझी पक्षाचा सभासद होता आणि युद्धकाळात पोलंडमधल्या वुज शहरात काम करत होता, जिथे ज्यूंना कोंडून ठेवलेलं होतं. हे पुढे बाहेर आलं, आणि २०११ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या डॉक्टरांच्या संस्थांनी मिळून नाव बदलायचं ठरवलं. आता नावात माणूस नाही, फक्त आजार काय करतो ते आहे. ज्ञानलक्षणांच्या यादीत पहिला शब्द अमानित्व आहे, मान मिळवायची हाव नसणं. रोगाला स्वतःचं नाव चिकटलं तर तो मान किती टिकतो, याचं हे उदाहरण मला तरी चांगलं वाटतं.

आता उपचार, कारण मावशीचा आणि माझा सगळ्यात मोठा वाद तिथे झाला.

१९५८ मध्ये वॉल्टन नावाच्या डॉक्टरांनी तोवरच्या रुग्णांचा आढावा घेतला. उपचाराविना सरासरी पाच महिने आयुष्य, आणि वर्षभरात १०० पैकी ८२ जण गेलेले. मग अमेरिकेत स्टेरॉइडसोबत सायक्लोफॉस्फामाइड हे औषध वापरून पाहिलं गेलं. १९८३ मध्ये ८५ रुग्णांचा अनुभव छापून आला, त्यातल्या ९३ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण शांत झाला होता. हे करणाऱ्यांत प्रमुख होते अँथनी फाउची. हो, तेच, कोविडमध्ये रोज टीव्हीवर दिसायचे ते. २०१० मध्ये रिटुक्सिमॅब हा आणखी एक पर्याय चाचणीत त्याच तोडीचा ठरला. पाच महिन्यांचं आयुष्य ज्या आजारात होतं, त्यात आज लोक संसार करतायत, नोकरी करतायत. कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच व्याधीकडे परत परत पाहिलं म्हणून. त्यांना अनुदर्शन हा शब्द माहीतही नसेल.

पण औषधाचीही एक किंमत आहे. डोळ्याची सूज महिनाभरात बरीच ओसरली आणि प्रेडनिसोलोनने मावशीचा आख्खा चेहरा गोल झाला, चंद्रासारखा. म्हणजे आधी आजाराने सुजला, मग औषधाने. हा गोलवा डोस कमी होत जातो तसा हळूहळू उतरतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी आरशासमोर उभी राहिलेल्या बाईला ते पटणं सोपं नाही. त्यात ज्येष्ठ महिना आला, निर्जला एकादशी आली. मावशी गेली कित्येक वर्षं ती करते. तिचा फोन आला.

"अरे, कुणी सांगितलं की एकादशीपासून गोळ्या बंद करून माउलींवर सोडून दे. श्रद्धा असेल तर बरं होतं. तू सांग, तू रोज गीता वाचतोस."

मी म्हटलं, "मावशी, तू गोळी बंद करणार नाहीस. आणि पाणी तर अजिबात बंद करणार नाहीस."

कारण सांगतो, कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर उपयोगी पडेल. अनेक आठवडे स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं तसलं संप्रेरक बनवणं कमी करतं. अशा वेळी गोळी एकदम थांबवली तर आजार उसळतो हे आहेच, पण त्याआधीच ओकाऱ्या, चक्कर, बीपी खाली जाणं असं होऊन जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरच पायरीपायरीने कमी करतात. आणि सायक्लोफॉस्फामाइड चालू असताना भरपूर पाणी प्यायला सांगतात, कारण ते शरीरात मोडताना जो पदार्थ तयार होतो तो मूत्राशयात साठून राहिला तर आतून जाळतो. म्हणजे त्या दिवशीचा निर्जल उपवास हा तिच्यासाठी व्रत राहिलाच नसता.

"पण नेम मोडतो ना रे," मावशी म्हणाली. आवाज रडवेला होता. हा प्रश्न हलका नाही. जिचा चेहरा गेला, मंडळ गेलं, तिच्याकडे उरलेली एकच गोष्ट म्हणजे तिचा नेम.

मी तिला सहावा अध्याय काढायला लावला. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, असं तिथे स्पष्ट आहे. मग सतराव्याच्या सुरुवातीला नेलं. शास्त्रात नाही असली घोर तपं करून देहाला कष्टवणारे लोक देहात बसलेल्या मलाच कष्टवतात, असा भगवंतांचा आशय आहे, आणि अशा निश्चयाला ते चांगलं नाव देत नाहीत. तिला म्हटलं, "तू ज्याच्यासाठी पाणी सोडणार आहेस तो आतच बसलाय. त्यालाच तहान लागेल."

बराच वेळ फोनवर काही आवाज नव्हता. मग म्हणाली, "तुळशीचं पान घालून पिऊ का पाणी?"

"पी की. तांब्याभर पी."

त्या एकादशीला तिने दिवसभरात किती तांबे पाणी प्यायलं याची वहीत नोंद ठेवली, प्रत्येक तांब्यासमोर रामकृष्णहरी लिहून. मला फोटो पाठवला. मी आजवर पाहिलेल्या व्रतांत ते मला फार मोठं वाटतं.

पुढचा, म्हणजे नववा श्लोक उद्या घेऊ. त्यात हवं ते आणि नको ते घडलं तरी चित्त सारखं ठेवण्याबद्दल आहे, आणि या आजारात त्याची गरज पडतेच, कारण तो शांत झाला तरी परत डोकं वर काढू शकतो. सध्या मावशी दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी तपासायला नाशिकला जाते. वाटेत चांदवडला बसमधूनच रेणुकामातेला हात जोडते. लघवीचा मागचा रिपोर्ट स्वच्छ होता, पुढची तारीख कार्तिकात आहे. तोवर तुमच्या घरात कुणाचं नाक महिनोनमहिने बरं होत नसेल, त्यातून रक्त येत असेल, किंवा सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसत असेल, तर निदान लघवीची साधी तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या मंडळात कुणी अचानक यायचं बंद झालं असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्या घरी एक चक्कर मारून या.

रामकृष्णहरी.